वाऱ्याची मूर्ती

१० मार्च, सोमवार

जर्मनच्या क्लासच्या बाई म्हणाल्या, रोज पाच ओळींची दैनंदिनी जर्मनमध्ये लिहा, परीक्षेला उपयोगी पडेल. लिहिल्या. मी सकाळी उठले. मी चहा प्याले. हवा चांगली आहे. माझी सासू चांगली आहे. माझा नवरा मूर्ती बनवतो. झाल्या पाच. वाचून बघितलं तर हे कुठल्याही बाईचं कुठल्याही दिवशीचं झालं, माझ्या डोक्यातलं त्यात काहीच नाही. म्हणून वही उलटी करून मागच्या पानापासून मराठीत सुरुवात केलीय. मराठीत मला पाच ओळींत थांबता येत नाही, हे माझ्या माहेरी रोह्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

पेणमध्ये गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने. आमचा सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं सगळं मी बघते. फोटो काढणं, खोकी भरून घेणं, जर्मनीतल्या मराठी मंडळांशी बोलणं. जर्मन शिकायचं खूळ तिथूनच आलं. काल पाहुणे आले तेव्हा हर्षद, माझा नवरा, त्यांना म्हणाला, "यंदा मी जर्मनीला दुप्पट माल पाठवतोय." मी तिथेच चहा देत उभी होते. पाठवणारी मी, आणि 'मी' म्हणणारा तो. असो.

मूर्तिकारांच्या संघटनेचा जितेश दुपारी येऊन गेला. अक्षय तृतीयेला नानांचा सत्कार करायचं ठरलंय, वाऱ्याच्या मूर्तीबद्दल. स्मरणिकेत त्या मूर्तीवर लेख हवा आणि तो मी लिहायचा. "वहिनी, तुमचा हात चालतो," म्हणाला. नाना म्हणाले, "कशाला रे माजा सत्कार? नको." हे ते तीनदा म्हणाले. किती विनयी माणूस.

११ मार्च, मंगळवार

लेखाची सुरुवात जमली. वाऱ्याची मूर्ती म्हणजे आमच्या कारखान्याची ओळख. गणपती बसलेला, पण पाटावर मांडी घालून नव्हे. एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघा वर, त्या गुडघ्यावर कोपर निवांत टेकवलेलं, आणि खांद्यावरचा शेला मागे भरारा उडालेला. आमच्याकडे जन्मभर काम केलेले मोरूकाका दरवर्षी तोच विनोद करतात, "बसलेल्या गनपतीला वारा कुठून आला वो?" आणि नाना दरवर्षी सांगतात की स्वप्न पडलं होतं. खाडीच्या बांधावर देव बसलाय आणि खारा वारा सुटलाय. सकाळी उठून माती घेतली.

गिऱ्हाइकांना हे सांगताना नाना कधी डोळ्यांत बघत नाहीत. भक्तीची माणसं अशीच असतात, असं लेखात घातलंय.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. कारखाना बंद, माणसं रंगात. जुने फोटो शोधायला पोटमाळ्यावर चढले. मोडक्या हातांच्या आणि सोंडांच्या खोक्याखाली हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी बांधून ठेवलेलं. सोडलं तर मासिकं. चित्रांची. जर्मन!

मला इतका आनंद झाला की तिथेच धुळीत बसून वाचायला लागले. पन्नासेक वर्षांपूर्वीची आहेत. एका मासिकावर पेन्सिलने इंग्रजीत धाटाव लिहिलंय. रोह्याजवळच्या कारखान्यांच्या वसाहतीत तेव्हा मशिनं बसवायला जर्मन साहेब आले होते, हे लहानपणापासून ऐकलंय. नानांनी तिथे कधी मूर्ती पोचवली असेल, तेव्हा उचलून आणली असतील.

आणि मग तिसऱ्या अंकात ते पान निघालं. विमान चालवणारी एक बाई विमानाच्या पंखावर बसलीय. एक पाय दुमडलेला. एक गुडघा वर. कोपर गुडघ्यावर. गळ्यातला रुमाल मागे भरारा उडालेला.

मी खाली आले आणि कोणाशीच बोलले नाही. हर्षदने तोंडाला रंग फासला तरी काही म्हणाले नाही, तेव्हा तो घाबरला.

१६ मार्च, रविवार

मासिकं माझ्या कपाटात आहेत. क्लासच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींची साहसकथा यायची, आणि त्याच कथा जर्मन मासिकं विकत घेऊन, भाषांतर करून, एकापुढे एक चिकटवून छापायची. म्हणूनच ही बाई दर तीन चौकटींनी काल काय झालं ते पुन्हा सांगते. वाचताना मला वाटलं होतं, हिला विसरायचा आजार आहे.

नायिकेचं नाव कारिन. अमेरिकेत काहीतरी दुसरंच असणार. बोलण्याच्या फुग्यांतले मूळ शब्द पुसून जर्मन घातलेत. जर्मन शब्द लांब, त्यामुळे कुठे कुठे अक्षरं दाटीवाटीने कोंबलीत. चित्रकाराची सही खरवडून काढलीय, कोपऱ्यात तिचं शेपूट तेवढं राहिलंय. बिचारा कोण होता कोणास ठाऊक.

पंखावरच्या चित्रातला फुगा मला शब्दकोश न उघडता वाचता आला. "पेट्रोल संपलं आहे. मदत येईपर्यंत मला इथेच थांबावं लागेल." एवढंच. वादळ नाही, शौर्य नाही. दलदलीत विमान उतरवून बाई वाट बघत बसलीय, आणि यावरून आमचा देव. मला हसूच आलं. कणीक मळत असलेल्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, स्वयंपाकघरातून मान वळवून बघितलं. पुढचा अंक गठ्ठ्यात नाही, त्यामुळे मदत आली की नाही ते कळत नाही.

त्या एकाच चित्रावर करडे बारीक ठिपके आहेत, ओळीने. इंटरनेटवर वाचलं की जुन्या स्वस्त छपाईत चित्रं ठिपक्यांचीच बनायची. तेच असावेत.

२३ मार्च, रविवार

लेख पुढे सरकत नाही. स्वप्न पडलं असं लिहायला जाते आणि डोळ्यांपुढे ती विजार घातलेली बाई येते. नानांचा रागच येतो. पंचेचाळीस वर्षं देवाच्या नावावर खोटं बोलायचं म्हणजे काय. आणि ज्याची सही खरवडली त्याचं काय?

हर्षदला दाखवलं. त्याने पान उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, "ठेव जिथं होतं तिथं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि खरं?"

"खऱ्याचं काय लोणचं घालायचंय गो? सत्कार होऊ दे. म्हातारा खूश, आपण खूश."

म्हातारा खूश दिसत नाही, हे मात्र खरं. सत्काराचा विषय निघाला की उठून जातो. मन खात असणार, आणखी काय.

आज आईंनी त्यांची ती थंड बटाट्याची भाजी केली होती. उकडलेले बटाटे, वर व्हिनेगर, राई आणि कच्चा कांदा. खांबच्या माहेरची भाजी म्हणतात. रोह्यापासून खांब ते किती लांब, पण तिथे हे असलं खाताना मी कोणाला बघितलं नाही. पिंकीने ताटात तशीच ठेवली. आमची पोरगी दहा वर्षांची आहे आणि तिला बटाटा फक्त वड्यात आवडतो.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि मी नानांना कारखान्यात गाठलं. तिथे मोरूकाकांशिवाय कोणी नव्हतं. आधी ठरवलं होतं की हळूच, शब्द तोलून बोलायचं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मासिक उघडून त्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "नाना, ही मूर्ती तुमची नाही."

त्यांनी चष्मा लावला. चित्र बघितलं.  म्हणाले, "नाय. माजी नाय ती."

एवढ्या सहज! मला वाटलं होतं ते रागावतील, नाकारतील. मी पुढचे सगळे मुद्दे तयार ठेवले होते.

"मग सत्कार कसा घ्यायचा?" मी विचारलं.

"म्हनून तर नको बोललो ना." मग म्हणाले, "हिला दाखवलंस?"

"आईंना? नाही."

"नको दाखवू. हिला नको दाखवू, मनाली. मी जितेशला सांगतो काय ते."

बायकोसमोर पडायची लाज वाटते बिचाऱ्यांना. मला जरा वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. एका माणसाच्या मनावरचं ओझं उतरवलं आपण. मोरूकाका मात्र माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच काही चोरलंय.

१ एप्रिल, मंगळवार

नानांनी जितेशला सांगितलं. मूर्ती माझी नाही, विलायती चित्रावरून आहे, सत्कार नको. दुसरं काही सांगितलं नाही. जितेशचा मला फोन, "वहिनी, काय भानगड? एप्रिल फूल तर नाय ना?"

मी म्हटलं भानगड नाही, प्रामाणिकपणा आहे. या वयात असं कबूल करायला छाती लागते. आणि त्याला नीट समजावं म्हणून पानाचा फोटो पाठवला, शेजारी मूर्तीचा. दोन्ही एकमेकांना लावून, मापात कापून, अगदी सुबक. त्याखाली दोन ओळी लिहिल्या. मी शोधलं असं लिहिलं नाही, पण जर्मन मजकुराचा अर्थ दिला, म्हणजे कोणी शोधलं ते कळावं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे. वही माझीच आहे.

३ एप्रिल, गुरुवार

फोटो पेणभर फिरला. हमरापूर, जोहे, सगळीकडच्या कारखान्यांत पोचला. कोणीतरी त्यावर लिहिलंय, "गणपती की मॅडम?" कोणीतरी विमानाच्या बाईला सोंड लावलीय. हसणारी माणसं एकवेळ परवडली. तीसेक वर्षं आमच्याकडून वाऱ्याची मूर्ती नेणाऱ्या एका घरच्या आजोबांनी फोन केला. अजिबात ओरडले नाहीत. म्हणाले, "बाईच्या चित्राची पूजा केली आम्ही एवढी वर्षं. घरात सांगू कसं?" आणि ठेवला.

हर्षद म्हणाला, "तुला काय गरज होती?"  मोरूकाका पुटपुटले, "करायला गेली गनपती, झाला मारुती." हे मला ऐकू जावं म्हणूनच पुटपुटले.

 चूक काय केली ते कळत नाही, आणि तोंड वर काढवत नाही, अशी अवस्था आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

आईंना शेजारणीने मोबाइलवर दाखवलं. त्या घरी आल्या, माझ्यासमोर हात पुढे केला. "पुस्तक कुठाय गो?"

मी सगळा गठ्ठा दिला. त्यांनी एकेक अंक बघितला, एकाचं मुडपलेलं पान सरळ केलं, आणि लुगड्याचा तुकडा मागितला. तो मी टाकून दिला होता. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.  रात्री जेवल्या नाहीत. नवऱ्याचं बिंग फुटल्याचं दुःख. यात माझी काय चूक, असं स्वतःला विचारते, आणि ते विचारतानाच लाज वाटते.

११ एप्रिल, शुक्रवार

नाना कारखान्यात येत नाहीत. मूर्तीचे डोळे काढायचं काम, आखणी, आमच्याकडे तेच करतात. बिनडोळ्यांच्या मूर्ती फळीवर रांगेने बसल्यात आणि मी जाता-येता त्यांच्यापुढून जाते. बरंय की त्यांना डोळे नाहीत.

काल बाजारात एकाने नानांना हाक मारली, "काय नाना, विमान कुठं उतरवलं?" नाना हसले. पिंकी बरोबर होती, तिने घरी येऊन सांगितलं. "आजोबा हसले पण पिशवी सोडून आले," म्हणाली. मी जाऊन पिशवी घेऊन आले. दुकानदाराने मलाही ओळखलं.

जितेशचा निरोप आला, सत्कार आता दुसऱ्या कारखान्याचा आहे. स्मरणिकेला लेख नको.

१९ एप्रिल, शनिवार. रोहा

माझ्या भावाची, धनेशची हळद. उद्या लग्न, दिपिका नावाची गोड मुलगी आहे. नाना आले नाहीत. आई आल्या, मला वाटलं नव्हतं येतील. हर्षद उद्या येईल.

आता जे झालं ते नीट लिहिते.

माझ्या आईने, इंदुबाईने, सासूबाईंना गळ घातली की मांडवाच्या दारात मोठा मोर काढून द्या, पत्रिकेवर आहे तसा. पत्रिकेवरचा मोर अंगठ्याएवढा. सासूबाई जमिनीवर बसल्या. पेन्सिल मागितली. पत्रिकेवरच्या त्या मोरावर त्यांनी बारीक बारीक ठिपके द्यायला सुरुवात केली, ओळीने, एकाखाली एक. मग रांगोळी घेऊन जमिनीवर तेवढेच ठिपके टाकले, पण एकेका वितीच्या अंतराने. मग पत्रिकेत मोराची रेघ कुठल्या ठिपक्यापासून कुठल्या ठिपक्याकडे जाते ते बघत जमिनीवर तशीच ओढत गेल्या. मोर मोठा होत गेला. मान, तुरा, पिसारा, सगळं मापात.

मी हळदीचं ताट घेऊन उभी होते. कोणीतरी म्हणत होतं, अगो ताट दे, ताट दे.

आमच्या कारखान्यात लहान चित्रावरून मोठं करायला परकार वापरतात, काठी वापरतात. नाना वापरतात, मोरूकाका वापरतात, हर्षद वापरतो. पुरुष कोणी ठिपके देत नाही. ठिपके बाई देते. दारातली रांगोळी वाढवायला. हे मला माहीत नाही? मी रोह्याची, आठव्या वर्षापासून ठिपके देते. आणि त्या चित्रावरचे ठिपके मी छपाईचे म्हटले. इंटरनेटवर शोधून म्हटले.

२१ एप्रिल, सोमवार

लग्न झालं. हर्षद पिंकीला घेऊन टेम्पोने गेला आणि आम्ही दोघी एसटीने निघालो. मीच म्हटलं होतं एसटीने जाऊ.

धाटावला शिफ्ट सुटली होती, रस्त्यात दुचाक्यांचा पूर. गाडी थांबली तेव्हा मी म्हटलं, "आई, ती मूर्ती तुम्ही केलीत."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बोट दाखवून म्हणाल्या, "तिथं बंगले व्हते. आता शेड हाय. बाबा सायबाच्या घरी सैपाकाला व्हते. ती बटाट्याची भाजी तिथलीच. तुमा कोनाला आवडत नाय."

"आणि पुस्तकं?"

"सायबाचा पोरगा मोठा झाला, त्यानं टाकली. बाबांनी चुलीत घालायला आनली. मी घालू दिली नाय. आयेच्या लुगड्यात बांधून ठेवली, लग्नात संगती घेऊन आली."

तोच तुकडा मी टाकून दिला होता.

गाडी चालू झाली. मग कोलाडपर्यंत त्याच बोलत होत्या, मी नाही. माझ्या आयुष्यातला हा विक्रम असेल. त्यांच्या सासऱ्यांच्या कारखान्यात बाईने माती मळायची, मूर्ती पुसायची, खळ करायची, पण घडवायला हात लावायचा नाही असा नियम होता. बाईच्या हाताने देव घडत नाही म्हणे. सासरे कोर्टाच्या कामाला अलिबागला गेले की ह्या मातीला बसायच्या आणि नाना दारात पहाऱ्याला उभे राहायचे. मूर्ती झाली. सासऱ्यांनी बघितली आणि विचारलं, कोणी केली?

"तुजे नाना बोलले, मला सपनात आली. सासरे पायाच पडले मूर्तीच्या. मग कसं सांगायचं?" त्या म्हणाल्या. "ह्याला खोटं बोलायला जमत नाय. जन्मात एकच खोटं बोलला. तेबी माज्यासाठी. आनि त्याचंच भूत झालं, दरवर्षी सांगावं लागलं."

"पण तीच बाई का घेतलीत तुम्ही? त्या पुस्तकात इतकी चित्रं होती."

 "बाईमानूस गुडगा वर करून, हात टाकून, ऐसपैस बसलीय. आनि कोन तिला ऊठ म्हनत नाय. मला कोनी तसं बसू दिलं असतं? देवाला कोन उठवनार. म्हनून त्याला बसवला."

खांब आलं. तिथे त्यांचं माहेर, पण उतरायचं का विचारलं तर नको म्हणाल्या. मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगते. जितेशला, संघटनेला, पेणभर. जसं ते पसरवलं तसं हे पसरवते. तुमचं नाव लावते.

"नको गो."

"का पण?"

"देवामागं एक बाई दिसली तर एवडा गोंधळ झाला. आता दुसरी कशाला दाकवतेस."

पुढे पेणपर्यंत मी रडत होते. समोरच्या सीटवरच्या बाईने मला लिंबाची गोळी दिली, तिला वाटलं गाडी लागली.

२२ एप्रिल, मंगळवार

नानांच्या पाया पडले. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. एवढंच म्हटलं, "तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"माजी नाय बोललो की. तू कोनाची ते इचारलं नायस."

खरंच विचारलं नाही. मला उत्तर ठाऊकच होतं. चोर कोण ते ठरलेलं होतं आणि तो पुरुषच होता, कारण मूर्ती पुरुषच करतात. हर्षद 'मी पाठवतो' म्हणाला तेव्हा ज्या बाईचा तिळपापड झाला, त्याच बाईच्या डोक्यात हे एकदाही आलं नाही.

"लोक तुम्हाला काय काय बोलतात," मी म्हटलं.

"बोलू दे. पंचेचाळीस वर्षं हिच्या वाटचं कौतुक मी खाल्लं. चार दिवस शिव्या खाल्ल्या तर पोट दुखंल काय?" मग म्हणाले, "वाईट कसलं वाटतं सांगू? तिच्या मूर्तीला हसले लोक. मला हसू दे. त्या मूर्तीला हसायला नको व्हतं."

 

२५ एप्रिल, शुक्रवार

हर्षदला सांगितलं. तो फळीवर बसला आणि म्हणाला, "आईनं?" मग पुन्हा, "आपल्या आईनं?" मग साच्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्याला माझ्यावर रागवायचं होतं, ते तो विसरला. त्याने मला रागवायला हवं होतं.

जर्मनच्या परीक्षेचा निकाल आला. वाचनात सगळ्यात जास्त गुण.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. सत्कार दुसऱ्यांचा झाला. लाउडस्पीकर इथपर्यंत ऐकू येत होता. नाना आज कारखान्यात आले आणि आखणीला बसले. मोरूकाकांनी स्टूल पुसून दिलं. वाऱ्याच्या मूर्तीला यंदा मागणी नाही. नानांनी एकच काढायला सांगितली, घरासाठी.

दुपारी मी मागल्या पडवीत तांदूळ निवडत होते. आई गठ्ठा घेऊन आल्या. माझ्या एका नव्या ओढणीत बांधलेला. ती मी चार दिवसांपूर्वी गुपचूप त्यांच्या पेटीवर ठेवली होती, त्या काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी ते पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

"तुला वाचता येतं ना? एवडी वर्षं झाली, मला कळलं नाय. ती काय म्हनते इथं?"

फोटोबरोबर मी जर्मनचा अर्थही पाठवला होता, पण शेजारणीच्या मोबाइलवर त्यांनी चित्रच बघितलं असणार, आणि त्यांना वाचून कोण दाखवणार होतं. म्हणजे पेणमधल्या सगळ्यांना ठाऊक आणि जिने मूर्ती केली तिलाच ठाऊक नाही.

मी फुग्याकडे बघितलं. ते दोनच वाक्यांचं सोपं जर्मन, मला अर्थासकट पाठ आहे. खरं-खोटं करून मी एवढं सगळं केलं. आणि मी म्हटलं, "ती म्हणते, मी निघाले. आता मला कोणी थांबवू शकणार नाही."

जमेल तितकं सरळ बघून म्हटलं. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि इतकी खात्रीही.

 त्यांचं बोट विमानाखाली गेलं. मूर्ती करणाऱ्या बाईचं बोट ते, वजन कुठे पडलंय ते आधी बघतं.

"चाकं तर चिखलात रुतलीत," त्या म्हणाल्या.

मी तांदळात हात घातला आणि खडा शोधत राहिले.

"तरीबी निघाले म्हनते?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी सावकाश, मूर्तीचा डोळा जमलाय का ते बघतात तसं. मग पान मिटलं.

"मग बराबर झालीय माजी मूर्ती. बसलीय, तरीबी वारा हाय," म्हणाल्या, आणि माझ्या मांडीवरचं सूप उचलून तांदूळ धुवायला गेल्या.